अंगणाची विभक्ती : नरखेड तालुक्यातील घरे आणि घराबाहेरील जागेची नवी अभिरुची

अंगण हा शब्द मराठीत बहुधा कोणत्या विभक्तीत वावरतो, हा प्रश्न सकृद्दर्शनी केवळ व्याकरणाचा वाटेल. त्याचे उत्तर मात्र घरांच्या रचनेपर्यंत जाऊन पोहोचते. हा शब्द मुख्यतः सप्तमीचा आहे. माणसे अंगणात बसतात, उन्हाळ्यात अंगणात निजतात. वाळवण अंगणात पडते, लग्नाचा मांडव अंगणात उभा राहतो आणि तिरडीही अंगणातच बांधली जाते. कर्म म्हणून हा शब्द येतो तो झाडण्यासारवण्यापुरता. कर्ता म्हणून तर तो जवळजवळ येतच नाही. एका म्हणीत मात्र नाचणाराने आपला दोष त्याच्या माथी मारलेला आहे, आणि तेथेही त्या बिचाऱ्याकडे वाकडे असण्यापलीकडे काही कर्तृत्व नाही.

येथे सप्तमीचा ‘त’ हा प्रत्यय लक्षात घेण्याजोगा आहे. ज्याला छप्पर नाही आणि पुष्कळदा भिंतही नाही, अशा जागेला मराठी भाषक ‘आत’ असण्याचा प्रत्यय लावतो. गच्चीला तो ‘वर’ लावतो, ओट्याला ‘वर’ लावतो, मैदानाच्या बाबतीत ‘वर’ आणि ‘त’ यांत घोटाळतो. अंगणाच्या बाबतीत तो घोटाळत नाही. शेत, रान, बाग यांनाही ‘त’ लागतो, हा आक्षेप येथे संभवतो, आणि तो रास्त आहे. परंतु शेताला धुरा असतो, बागेला कुंपण असते. ‘त’ हा प्रत्यय छपराची अपेक्षा करीत नाही, तो आतल्या बाजूची अपेक्षा करतो. अंगणाला आतली बाजू आहे असे भाषा गृहीत धरते. ती बाजू कोठून येते, आणि आज ती कोठे जाते आहे, हे पाहावयाचे तर एखादा विशिष्ट प्रदेश डोळ्यांपुढे ठेवणे इष्ट. नागपूर जिल्ह्याच्या वायव्य टोकाचा नरखेड तालुका त्या दृष्टीने सोयीचा आहे.

या तालुक्याच्या पश्चिमेस वर्धा नदी वाहते. तिच्या पलीकडे अमरावती जिल्ह्यातील वरुड-मोर्शीचा पट्टा आहे आणि उत्तरेस मध्यप्रदेशातील पांढुर्णा. नागपूर-इटारसी लोहमार्ग तालुक्यातून जातो. संत्री, कापूस आणि तूर ही येथली पिके. ग्रिअर्सन यांच्या भाषा-सर्वेक्षणाच्या सातव्या खंडात (१९०५) वऱ्हाडी आणि नागपुरी अशा ज्या दोन बोली नोंदविल्या आहेत, त्यांच्या सीमेवर हा प्रदेश येतो, आणि हिंदीचा शेजार तर उंबरठ्यावरच आहे. येथे ‘अंगण’ म्हणत नाहीत, ‘आंगन’ म्हणतात; ‘तुळस’ येथे ‘तुयस’ होते. घराच्या पुढच्या, तीन बाजूंनी भिंत व एका बाजूने उघड्या असलेल्या भागाला ‘सपरी’ म्हणतात. ही छपरीच होय. ‘छुरी’ आणि ‘सुरी’ यांच्यात जो वर्णबदल दिसतो तोच येथे आहे. गुरांच्या जागेला ‘कोठा’, मागील आवाराला ‘वाडी’ किंवा ‘सांदवाडी’, खाटेला ‘बाज’, झोपाळ्याला ‘बंगई’, आणि छपरावरच्या मातीच्या नळ्यांना ‘कवेलू’.

हे शब्द एका ओळीत मांडले तर एक गोष्ट ध्यानात येते. रस्ता, आंगन, ओटा, सपरी, मधले घर, सैपाकघर, मागची वाडी : ही केवळ जागांची यादी नव्हे, ती उघड्याकडून झाकलेल्याकडे आणि परक्याकडून आप्ताकडे जाणारी पायरी आहे. प्रत्येक पायरीवर ऊन थोडे कमी होते आणि नाते थोडे वाढते. ‘आंगनात आला’, ‘ओट्यावर बसला’, ‘सपरीत घेतला’, ‘घरात घेतला’ या चार वाक्यांत आलेल्या मनुष्याचे घराशी असलेले नाते चार प्रकारांनी सांगितले जाते, आणि ते सांगण्यासाठी दुसरा एकही शब्द खर्चावा लागत नाही. ‘भटाला दिली ओसरी, भट हातपाय पसरी’ या म्हणीतील विनोदही याच पायरीवर उभा आहे. ओसरी दिलेला मनुष्य माजघराकडे सरकू लागला, एवढेच तिच्यात घडते.

या शब्दांचे वय थोडे नाही. वर्धेच्या पलीकडे, मोर्शी तालुक्यातील रिद्धपूर हे महानुभावांचे क्षेत्र. तेथे तेराव्या शतकात म्हाइंभटांनी लीळाचरित्र सिद्ध केले. त्या ग्रंथातील प्रसंग ज्या जागी घडतात त्यांत आंगण आणि पटिशाळा ही स्थळे वारंवार येतात. ही पटिशाळा म्हणजे महाराष्ट्राच्या दक्षिण भागात आजही ऐकू येणारी पडसाळ. धर्मचर्चा, भोजन, निद्रा, भांडण हे सारे या अर्धउघड्या जागांत घडते. जुन्या मराठीत ‘आंगणीं’ असे सप्तमीचे रूप होते. ‘घरी’, ‘दारी’ ही त्याची भावंडे बोलण्यात टिकली. ‘अंगणी’ तेवढे गाण्यांत जाऊन बसले. पुढे घडलेल्या गोष्टीचे हे एक पूर्वचिन्ह मानता येईल.

आता नव्या अभिरुचीकडे वळणे प्राप्त आहे. गेल्या दोन दशकांत संत्र्याच्या आणि नोकरीच्या पैशावर तालुक्यात जी घरे उठली, त्यांच्या नकाशांत ‘पोर्च’, ‘सिटआउट’, ‘पार्किंग’, ‘गॅलरी’ हे शब्द स्थिरावले आहेत. नागपूर-काटोल रस्त्याच्या बाजूची शेतघरे आणि शहरातील गृहसजावटीच्या जाहिराती यांतून आता ‘पॅटिओ’, ‘पर्गोला’, ‘गझिबो’, ‘डेक’ हेही येत आहेत. त्यांच्याबरोबर वस्तूही येतात : सिमेंटचे पेव्हर ठोकळे, कृत्रिम हिरवळ, लोखंडी वा वेताच्या आकाराच्या प्लॅस्टिकच्या खुर्च्या, दिव्यांच्या माळा, भिंतीवर टांगलेली बाग, आणि क्वचित बाहेरच्या शेगडीसाठी संगमरवरी ओटा. हा ओटा मात्र बसण्याचा नाही.

या शब्दांची मूळ स्थाने पाहिली तर एक विलक्षण क्रम दिसतो. स्पेनमधील पातिओ हा चारी बाजूंनी घराने वेढलेला, वर आकाश असलेला चौक होय. कोर्दोबा नगरीतील अशा चौकांचा उत्सव युनेस्कोने २०१२ मध्ये आपल्या अमूर्त वारशाच्या सूचीत घेतला. हा शब्द अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर इंग्रजीत शिरला तेव्हा भोवतालचे घर गळून पडले आणि घराशेजारची फरसबंद जागा तेवढी अर्थ म्हणून उरली. कॅलिफोर्नियात १९४० नंतरच्या काळात क्लिफ मे यांची बैठी घरे आणि टॉमस चर्च यांची उद्याने यांनी घराबाहेर राहण्याची एक नवीच रीत रूढ केली. चर्च यांच्या १९५५ च्या ग्रंथाच्या शीर्षकातच उद्याने ही माणसांसाठी असतात असा दावा आहे. ती रीत त्या हवेला साजेशी होती. तेथील उन्हाळा कोरडा. किनाऱ्याजवळ तो सौम्यही असतो, आणि संध्याकाळ गार. डेक हा शब्द तर याहून मौजेचा : त्याचा मूळचा डच अर्थ आच्छादन असा, जहाजावर तो आच्छादन राहिला, परंतु घरामागे आल्यावर तो छप्पर नसलेल्या फळ्यांच्या जमिनीचे नाव झाला. टेरेस या शब्दाच्या मुळाशी लॅटिनमधील पृथ्वीवाचक शब्द आहे; नरखेडात टेरेस म्हणजे घराचे सर्वांत उंच अंग, ज्याचा पृथ्वीशी संबंध सर्वांत कमी.

शब्दांनी अर्थ बदलावेत यात भाषाशास्त्राला नवल नाही, आणि परके शब्द आले म्हणून शोक करणे हे भाषाशास्त्राचे काम नव्हे. ज्या व्हरांड्याला मराठी मनुष्य साहेबाची देणगी समजतो, तो शब्द पोर्तुगिजांच्या मार्फत हिंदुस्थानातूनच इंग्रजीत गेला, हे युल व बर्नेल यांच्या १८८६ च्या कोशापासून सर्वज्ञात आहे. प्रश्न वेगळा आहे. व्हरांडा मराठीत रुळला. त्याचे सामान्यरूप झाले, ‘व्हरांड्यात’ असे सहज म्हटले जाऊ लागले. बंगल्याचेही तसेच झाले. परंतु पोर्च, लॉन, पार्किंग, सिटआउट यांना बोलणारा ‘मध्ये’ हे शब्दयोगी अव्यय जोडतो : पोर्चमध्ये, सिटआउटमध्ये. परक्या शब्दाचे सामान्यरूप करण्याचा संकोच असला की ‘मध्ये’ धावून येते. पॅटिओच्या बाबतीत तर अव्ययही निश्चित होत नाही. कोणी ‘पॅटिओवर’ म्हणतो, कोणी ‘पॅटिओमध्ये’. ‘वर’ म्हणणाराच्या मनात फरशी असते. ‘मध्ये’ म्हणणाराच्या मनात खोली असते. पर्गोल्याला ‘खाली’ लागते, डेकला ‘वर’, गझिबोला ‘त’. म्हणजे ज्या एका जागेला मराठीने ‘त’ लावून तिचे आतलेपण मान्य केले होते, तिचे नव्या अभिरुचीने फरशी, छत आणि टपरी असे तीन सुटे भाग केले. आणि ते तीनही भाग स्वतंत्रपणे विकत मिळतात.

या अभिरुचीवरचा मुख्य आक्षेप येथे आहे, आणि तो परकेपणाचा नाही. अंगण ही वस्तू नव्हती; ती एक मोकळी ठेवलेली जागा होती, आणि तिला आतली बाजू येत होती ती तेथे चालणाऱ्या क्रियांमुळे. झाडणे, सारवणे, सडा टाकणे, वाळत घालणे, पाखडणे, निवडणे, निजणे : या क्रियापदांचा काळ आणि ऋतू ठरलेला असे. पहाटे सडा, चैत्र-वैशाखात कुरोड्या, पापड, मुगवड्या आणि लाल मिरच्या, पोळ्याला दारी आलेल्या बैलाची पूजा, भाद्रपदी पौर्णिमेपासून भुलाबाईची गाणी म्हणत एका आंगनातून दुसऱ्या आंगनात जाणाऱ्या मुली, कोजागिरीचे दूध, कापसाला भाव येईपर्यंत सपरी आणि घर कापसाने भरले म्हणजे बाहेर येणाऱ्या बाजा. नव्या शब्दांबरोबर ही क्रियापदे येत नाहीत. पॅटिओ ‘करून घेतात’, गझिबो ‘बसवतात’, डेक ‘टाकतात’. ही सारी क्रिया एकदाच घडते, आणि ती ठेकेदार करतो. त्यानंतर त्या जागेला एकच क्रियापद उरते, ते म्हणजे ‘बसणे’. आणि वर्षाच्या पुष्कळ महिन्यांत तेही अशक्य असते.

ते का अशक्य असते, हे फार विस्ताराने सांगण्याचे कारण नाही. नागपूर जिल्ह्यात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो. काँक्रीटचा ठोकळा दिवसभर उष्णता साठवून रात्री सोडत बसतो. कृत्रिम हिरवळ तर उन्हात खऱ्या गवतापेक्षा कितीतरी अधिक तापते. शेणामातीच्या अंगणावर सडा पडला की पाण्याची वाफ होते, आणि एक लिटर पाण्याची वाफ होताना सुमारे २४०० किलोज्यूल उष्णता शोषली जाते. सूर्य मावळल्यावर उघडे अंगण आकाशाकडे उष्णता टाकून देते. हे भौतिकशास्त्र सारवणाऱ्या बाईला सूत्ररूपाने ठाऊक नव्हते, हे खरे. बाज कोणत्या महिन्यात कोठे न्यावयाची हे मात्र तिला ठाऊक होते. नव्या पॅटिओतील खुर्ची जागची हलत नाही. तिची जागा चित्रात ठरलेली असते.

येथवर आल्यावर एक धोका संभवतो, आणि मराठी ललित निबंधाने तो पुष्कळदा पत्करला आहे. त्या वाङ्मयप्रकाराने अंगणाचे फार लाड केले. तुळस, रांगोळी, आजीची गोष्ट आणि चांदण्यातील गारवा एवढ्याच साहित्यावर उभे केलेले हे अंगण वाचकाला गोड लागते. पण ते अर्धे अंगण आहे. वर ज्या पायरीचे वर्णन केले ती उष्णतेची आणि आप्तपणाची पायरी होती, तशीच ती जातीचीही पायरी होती. ज्याला आंगनाच्या पुढे पाऊल टाकण्याची मुभा नव्हती, त्याच्या लेखी आंगन ही मोकळी जागा नव्हती. ती सीमा होती. त्याच्यासाठीचे निराळे भांडे वळचणीला खोवलेले असे आणि पाणी वरून ओतले जाई. मराठीतील दलित आत्मकथनांनी ही गोष्ट इतक्या वेळा सांगितली आहे की तिच्याकडे पाठ फिरवून अंगणाविषयी लिहिणे हा अप्रामाणिकपणा ठरेल. ‘वळचणीला’ या शब्दात आजही जो कमीपणाचा वास येतो तो त्या भांड्यापासून फार दूरचा नाही. १९५६ साली नागपुरात जे धर्मांतर झाले, त्याच्या मागे मंदिराच्या पायऱ्या होत्या तशाच घरांच्या या पायऱ्याही होत्या.

स्त्रियांच्या दृष्टीनेही अंगणाचे गणित निराळे होते. पुढची सपरी पुरुषांची, मागची वाडी बायकांची, ही विभागणी शब्दांत उघडपणे सांगितलेली नसली तरी पाळलेली असे. अंगणाची जी क्रियापदे वर मोजली, त्यांतील बहुतेकांचा कर्ता स्त्रीलिंगी आहे, आणि ‘निजणे’ या एका आरामाच्या क्रियेत तिचा वाटा सर्वांत शेवटचा. पहाटे उठून शेण कालवणाऱ्या बाईने फरशीची मागणी केली तर तिला अभिरुचिभ्रष्ट म्हणण्याचा अधिकार सकाळी उशिरा उठणाऱ्या टीकाकाराला पोहोचत नाही. पेव्हरच्या ठोकळ्यांमागे पुष्कळ घरांत तिचाच आग्रह असतो. आणि तो निराधार नाही.

तेव्हा खरा प्रश्न असा उरतो की नव्या रचनेने जुनी पायरी मोडली काय? ती मोडली असती तर गरम होणारी फरशी हा किरकोळ दोष म्हणून सोडून देता आला असता. या प्रश्नाचे उत्तर ‘कंपाउंड’ या एका शब्दात सापडते. इंग्रजांच्या हिंदुस्थानी बोलीत कंपाउंड म्हणजे बंगल्याभोवतालचे आवार. युल व बर्नेल त्याचा संबंध मलायी भाषेतील वस्तीवाचक ‘कांपोंग’ शब्दाशी जोडतात. म्हणजे तो मूळचा जागेचा शब्द. विदर्भात आज ‘कंपाउंड’ म्हटले की आवार कोणाच्याही मनात येत नाही, भिंत येते. ‘कंपाउंड घातले’, ‘तारेचे कंपाउंड’, ‘कंपाउंडवरून उडी मारली’ हे प्रयोग सर्रास चालतात. मोकळ्या जागेचे नाव तिला बंद करणाऱ्या भिंतीने पळवले, आणि आतल्या जागेला नाव उरले नाही. शब्दार्थाच्या इतिहासात भाग आणि समग्र यांची अशी अदलाबदल विरळ नाही. परंतु ही अदलाबदल ज्या काळात झाली, त्याच काळात घरांभोवतालच्या भिंती छातीपासून डोक्यापर्यंत उंच झाल्या आणि फाटकाला आतून कुलूप आले, हा योगायोग समजणे कठीण आहे.

जुनी पायरी अन्यायाची होती, परंतु तिच्यावर माणसे दिसत होती. रस्त्याने जाणारा आणि सपरीत बसलेला यांच्यात चार शब्द होत. तंटेही तेथेच होत आणि मिटवलेही तेथेच जात. नव्या घरात रस्ता आणि दिवाणखाना यांच्यामध्ये एकच पायरी आहे, आणि ती फाटकाची. आत घेणे वा न घेणे, याखेरीज तिसरा पर्याय नाही. ज्याला पूर्वी आंगनात थांबवले जाई त्याला आता फाटकाबाहेर थांबवले जाते. समतेच्या दृष्टीने यात काही कमावले असे म्हणावयाचे असेल तर एवढेच म्हणता येईल की आता फाटकाबाहेर अधिक प्रकारचे लोक थांबतात. पॅटिओ तर बहुधा घराच्या मागच्या वा बाजूच्या अंगाला, रस्त्यावरून दिसणार नाही असा काढतात. घराबाहेर राहण्याच्या नावाखाली येथे घराचीच एक भिंत बाहेर सरकली आहे.

जाता जाता एका शब्दाची दुर्दशा नोंदवण्यासारखी आहे. ‘छपरी’ हा शब्द अलीकडे तरुणांच्या हिंदी-मराठी बोलण्यात शिवी म्हणून रूढ झाला. स्वस्त भपका करणाऱ्या, खालच्या समजल्या गेलेल्या मुलाला तो लावतात. या शिवीची व्युत्पत्ती वादग्रस्त आहे, आणि तिच्यात एका भटक्या जमातीची हेटाळणी आहे हे मत दुर्लक्षणीय नाही. व्युत्पत्ती काहीही असो, शहरात शिकायला गेलेला नरखेडचा मुलगा घरच्या सपरीला सपरी म्हणण्यास कचरू लागतो, आणि नकाशा काढताना तिच्या जागी ‘सिटआउट’ लिहितो. जागा तीच राहते, रुंदी मात्र घटते. ख्रिस्तोफर अलेक्झांडर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७७ च्या ग्रंथात सहा फुटांहून कमी खोलीचे सज्जे क्वचितच वापरले जातात असे निरीक्षण मांडले आहे. सपरीत दोन बाजा आडव्या पडत. सिटआउटमध्ये दोन खुर्च्या आणि चपलांचे कपाट एवढे मावले की उठून जाण्यास वाट राहत नाही.

येथे असा युक्तिवाद होऊ शकतो की हे सारे धनिकांच्या घरांविषयी झाले, आणि तालुक्यातील बहुसंख्यांना पॅटिओशी कर्तव्य नाही. ते खरे आहे. परंतु ज्या भाषेत धनिक अंगणाला विसरतो त्याच भाषेत शासनही त्याला विसरते. प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण विभागात २०१६ पासून घराचे किमान क्षेत्र २५ चौरस मीटर धरले आहे, आणि त्यात स्वयंपाकाच्या जागेचा समावेश आहे. पूर्वीच्या इंदिरा आवासातील २० चौरस मीटरांपेक्षा हे अधिक. पण हे सारे मोजमाप छपराखालचे आहे. घराबाहेर अंगण असेलच, हे तेथे गृहीत आहे की ते अनावश्यक मानले आहे, याचा बोध होत नाही. ग्रामपंचायतीच्या कर आकारणीच्या नोंदवहीत अंगण ‘खुली जागा’ या नावाने येते. २०२० मध्ये सुरू झालेल्या स्वामित्व योजनेत ड्रोनने गावठाणाची मोजणी होऊन ज्या सनदा मिळतात, त्यांतही ते घराच्या हद्दीतील रेषांमधील क्षेत्र आहे. ‘खुली’ हे विशेषण येथे मोठे फसवे आहे. खुली म्हणजे रिकामी, आणि रिकामी म्हणजे पुढे बांधण्याजोगी, असा अर्थ त्यात हळूच शिरतो. भावाभावांच्या तीन घरांनी मिळून तयार झालेले सामाईक आंगन या रेषांत बसत नाही. ते वाकडे असते.

अंगण वाकडेच असते, कारण ते कोणी आखलेले नसते. घरे उठत जातात आणि मध्ये जे राखले जाते ते अंगण. म्हणून एखादे गाव एकाच वेळी नव्याने वसवावे लागले की अंगणाचा प्रश्न सर्वांत तीव्र होतो. या तालुक्याला ते दुर्दैवाने भोगावे लागले. ३० जुलै १९९१ रोजी वर्धेच्या पुराने मोवाड हे नदीकाठचे गाव उद्ध्वस्त केले; दोनशेहून अधिक माणसे गेली. पुढे गावाचे पुनर्वसन झाले. अशा आपत्तीत पंचनाम्यात घर येते, गोठा येतो, जनावरे आणि धान्य येते. अंगण हा नुकसानीचा विषय मानला जात नाही. त्याची किंमत नसते, कारण त्यात बांधकाम नसते. पुनर्वसनाची भाषा सर्वत्र भूखंडाची असते, आणि भूखंड हा सरळ रेषांचा असतो. प्रत्येकाला आपापला तुकडा मिळतो. दोन घरांच्या मधले जे कोणा एकाचे नव्हते, ते वाटपात कोणाच्याच वाट्याला येत नाही. जिवंत राहण्याचा प्रश्न असताना अंगणाचा विचार करणे ही चैन होती, असे कोणी म्हणेल. पण गावातली माणसे गेल्यावर उरलेल्यांनी एकमेकांजवळ कोठे बसावयाचे, हा प्रश्न चैनीचा खास नव्हे.

आखलेल्या वसाहतीत अंगण असूच शकत नाही, असा मात्र याचा अर्थ नव्हे. चार्ल्स कोरिया यांनी नवी मुंबईत बेलापूर येथे १९८० च्या दशकात जी वसाहत उभी केली, तिच्यात सात-सात घरांचा गट एका लहान सामाईक चौकाभोवती रचला होता आणि आकाशाखालची जागा ही उष्ण प्रदेशातील घराची एक खोलीच होय, हे तत्त्व त्यांनी जन्मभर मांडले. रहिवाशांनी पुढे त्यांतली पुष्कळ घरे पाडून उंच बांधली. तथापि त्या नकाशात ‘आत’ हा प्रत्यय वास्तुकाराला कळला होता, हे मान्य केले पाहिजे. नरखेड-काटोलच्या बाजूला घरांचे नकाशे काढणाऱ्यांपुढे कोर्दोबाचा चौक किंवा कॅलिफोर्नियाचे उद्यान ठेवण्याऐवजी ही वसाहत आणि गावातील जुनी सपरी शेजारी शेजारी ठेवली, तर निदान ‘वर’ आणि ‘त’ यांच्यातील भेद त्यांच्या ध्यानात येईल. सपरीची खोली दोन बाजांइतकी ठेवणे, फरशी हवीच असेल तर आंगनाचा काही भाग मातीचा राखणे, भिंत बसलेल्या माणसाच्या खांद्याहून उंच न नेणे : यांत खर्चिक असे काहीच नाही.

लग्नाचा मांडव अंगणातून निघून गेला, त्याचीही नोंद येथेच करावी लागेल. विदर्भात आता लग्न ‘लॉन’मध्ये असते. लॉन म्हणजे हिरवळ नव्हे. रस्त्याच्या कडेचे, भाड्याने मिळणारे, भिंतीने वेढलेले कार्यस्थळ होय. पुष्कळ लॉनांत गवताची काडी नसते, आणि त्यामुळे कोणाचे अडतही नाही. येथेही जागेचे नाव क्रियेपासून सुटून व्यवहाराला चिकटले आहे. हळदीचा छोटा मांडव अजून घरी पडतो. फाटकासमोरच्या रस्त्यावर खांब रोवून तो उभा करतात, कारण आत मोटार उभी असते.

क्रियापदे मात्र सहजासहजी मरत नाहीत, असे उन्हाळ्यातील नरखेडवरून वाटते. वैशाखात सूर्य मावळला की घराघरांवरील स्लॅब वाफाळू लागतात. दिवसभर तापलेल्या त्या काँक्रीटवर बादल्यांनी पाणी टाकतात. पहिली बादली टाकली की चर्रकन आवाज होतो आणि मातीच्या नव्हे, सिमेंटच्या ओल्या वासाने गल्ली भरते. दुसरी, तिसरी बादली होते. मग सतरंज्या, गाद्या, उशा वर जातात, आणि एका स्लॅबवरून दुसऱ्या स्लॅबवरच्या माणसाशी कठड्यावरून बोलणे सुरू होते. या पाणी टाकण्याला कोणी सडा म्हणत नाही. ‘स्लॅबवर पानी मारलं’ असे म्हणतात. खाली पेव्हर लावलेल्या जागेत खुर्च्या तशाच मांडलेल्या असतात.